तिसरं इंजिन

लिंकनशायर, मार्च १९६१

प्रिय प्रेस्कॉट साहेब,

‘प्रिय’ लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. यापुढे गोडवा शोधू नका. माझी शाळा अर्धवट सुटली, पण इंजिनाचा खोकला मला कळतो. क्रॉदरच्या नावाचा प्रश्न आहे म्हणून लेखणी धरली.

युद्धात, त्रेचाळीस सालच्या त्या रात्री वैमानिक क्रॉदर आपलं बॉम्बर घेऊन समुद्रावरून मागे फिरला, कारण पंधरा हजार फुटांवर तिसऱ्या इंजिनाचं तेल दगा देत होतं. सकाळी मी तेच इंजिन जमिनीवर तासभर चालवलं, तर मांजरासारखं गुरगुरत राहिलं. आम्हा मेकॅनिकांचा नियम एकच, दिसलं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, ‘दोष आढळला नाही.’ वरच्या गारठ्यात काय होतं ते खाली कुठून दिसणार? आमच्या तुकडीचे प्रमुख म्हणून हे तुम्ही जाणत होतात. तरी तो कागद जेवणघरात सगळ्यांसमोर नाचवून विचारलंत, “काय रे क्रॉदर, आजारी कोण होतं, इंजिन की तू?” पोरं खदखदली. बावीस वर्षांचा तो, कानापर्यंत लाल झाला.

दोन दिवसांनी जर्मनीतल्या एसेन शहरावर हल्ला होता. चढण्याआधी त्याच्या विमानातले सातही जण रिवाजाप्रमाणे मागच्या चाकावर मुतले. शेपटीकडचा गनर मला म्हणाला, “काका, चाक गंजलं तर आमच्या नावावर लिहा हं!” क्रॉदर हसला नाही. विमान ताब्यात घेतल्याची सही करताना पुटपुटला, “आज पंख गळून पडला तरी मी मागे फिरणार नाही.” मी गप्प बसलो, ते माझं पाप. मागून येणाऱ्यांनी पाहिलं ते असं: तिसरं इंजिन बंद, विमान खाली खाली चाललेलं, थव्यातून एकटं पडलेलं, तरी तोंड एसेनकडेच. मग खालच्या प्रकाशझोतांनी त्याला पकडलं आणि तोफांनी पाडलं. सातांतला एकही जिवंत परतला नाही.

आता तुम्ही आठवणींचं पुस्तक लिहिताय. त्यातलं पान पाठवून म्हणता, ‘इंजिन ठणठणीत होतं, क्रॉदर मुळातच भित्रा’, याखाली मी, या गार्साइडनं, सही करावी. करणार नाही. ते पान आणि या पत्राची नक्कल त्याच्या बहिणीला, एडिथला, दिली आहे. अठरा वर्षं ती एकच विचारत होती, बिघाड कळूनही माझा भाऊ पुढेच का गेला? गुरुवारी ती तुमच्याकडे येते आहे. नोकराला पाठवू नका, साहेब. दार स्वतः उघडा.

तुमच्या हाताखालचा, पण तुमच्या बाजूचा नव्हे,
विल्फ गार्साइड