युसूफला न दिसलेल्या तारा

रविवार, मार्च १९८०

आज युसूफ शिंप्याबरोबर उडणाऱ्या माणसाचा सिनेमा बघितला. लहानपणी ती गोष्ट आम्ही चित्रांच्या पुस्तकात वाचलेली. बाहेर चहाला बसलो आणि वाद सुरू झाला. मी म्हणालो, पुस्तकच भारी. सिनेमात त्याला ज्या तारांनी टांगलेलं, त्या दिसत होत्या.

"तारा कुठं हुत्या?" युसूफ म्हणाला.

मी हसलो. "एवढ्या ढळढळीत तारा! आंधळा हायस काय?"

"व्हायलोय. सुईत दोरा आता बायको ओवते. डाक्टर म्हणतोय, वर्षभरात नजर जाणार."

का बोललो मी तसं?

मग तोच म्हणाला, "पुढच्या रविवारी परत येऊया की. दिसतंय तवर बघतो."

मी नुसती मान हलवली. ती त्याला दिसली असेल का? घाईनं मोठ्यानं म्हणालो, "येऊया."