मॅडम रोज ऐकतात

आदरणीय मॅडम,

कोरोनानं कॉलेज बंद झालं, तेव्हा ऑनलाइन तासाला तुम्ही म्हणाला होतात, घरच्यांवर सराव करा. म्हणून इथं आमच्या गावात, साखऱ्यात, माझी आई रोज मोबाइलसमोर पाठमोरी बसायची आणि मी तिला स्टेथोस्कोप लावायची. तिला वाटायचं, मॅडमच तिची छाती ऐकून राहिल्यात.

आज तिला ताप आहे, दम लागलाय. आत खरखर येतेय. पण तासाला तुम्ही ऐकवलेल्या छातीच्या आवाजात नेटवर्कचीच खरखर इतकी होती, की ही कसली ते मला कळंना. दवाखान्यात चल म्हणलं, तर ती उठून मोबाइलसमोर पाठमोरी बसली.

"काहून जाऊ? मॅडम रोज ऐकतात. काय म्हणल्या, इचार की."

तुम्ही तर आमचे माईक बंदच ठेवायचात, मॅडम.

तुमची विद्यार्थिनी,
सपना खिल्लारे