येते म्हण

४ नोव्हें., मंगळ.
मोनाला दवाखान्यातून नंदाखालला घरी आणलं. माझी धाकटी बहीण, वय चौपन्न. पिशवी मला उचलू दिली नाही. डॉक्टरबाईंनी मला वेगळं बसवून सांगितलं: पहिले आठवडे नाजूक, गोळ्या तुमच्या कपाटात ठेवा, आणि मरायचं मनात येतं का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. बघते म्हटलं.
तीस वर्षं मराठी शिकवलं. हे एक वाक्य तोंडातून निघेना.

६ नोव्हें.
मागचं एकदाच लिहून टाकते. त्या दिवशी ती दारातून म्हणाली, "ताई, जाते गं." मी पेपरातून मान वर केली नाही. "जाते म्हणू नये. येते म्हण." ती "येते" म्हणाली आणि गेली. शेजाऱ्यांनी वेळेत पाहिलं म्हणून...
मी शब्द सुधारला. ऐकला नाही.

९, रवि.
चर्चमध्ये मिस्सानंतर चौघींनी तब्येत विचारली. मोना म्हणाली, शुगर. घरी येऊन दोघी हसलो.
वाल सोलताना विचारलंच. आवाज हजेरी घेतल्यासारखा लागला. ती सोलतच राहिली. "येतं. रोज नाही. सकाळी जास्त." मग म्हणाली, घरच्या कुणी पहिल्यांदा विचारलं. हातावरच्या जुन्या खुणांचंही बोलली. त्या मरायला नव्हत्या, आतलं सोसेना म्हणून. मी दोन्ही एकच धरून बसले होते. डॉक्टरबाईंना फोन केला. म्हणाल्या, वेगळं असलं तरी दोन्ही मनावर घ्यायचं. उद्या बोलावलंय.

१८, मंगळ.
गोळी बदलल्यापासून झोप बरी. चहाबरोबर रोज विचारते. "झाली का हजेरी, बाई?" म्हणून चिडवते. आजचं उत्तर: "आहे, पण लांब आहे." भूक चांगली. माझीही.

२३, रवि.
सकाळी मोना चपला घालून दारात. "ताई, जाते."
कढई उतरवली, दाराशी गेले. कुठे, आणि मनात काय आहे, दोन्ही विचारलं.
"वाडीत. पापलेटाला केळीची पानं नकोत? आणि मनात आज काही नाही."
तरी सोबत निघाले. बांधावर म्हणाली, "आज सुधारलं नाहीस मला."
"ऐकत होते," म्हटलं.
पापलेटं दोनच, पानं चार आणलीन. विचारलं तर म्हणाली, दोन उद्यासाठी.