एप्रिलात गाडी सुरू झाली तर

वेल्डन गाव, नॉर्थ डाकोटा
१२ नोव्हेंबर

चि. मार्लिस हिस अ. उ. आ.

तुमच्या ॲरिझोनात म्हणे स्वेटरसुद्धा लागत नाही. इथे बर्फ पडला, मी गाडी शेडमध्ये उभी केली. तिथल्या मांजरीला चार पिल्लं झाली आहेत.

तुझ्या भावाशी माझा करार झालाय. एप्रिलात गाडी सुरू झाली तर मी माझ्या घरात राहणार. नाही झाली तर मुकाट्यानं फार्गोच्या वृद्धाश्रमात. बॅटरीला चार्जर लावलाय. दर रविवारी जेवायला येईल तेव्हा लीलंड तो बघेल. पोरगा तापट आहे, पण लबाड नाही.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझी आई,
बोर्गहिल्ड

१४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

काम फत्ते! पहिल्याच रविवारी चार्जरचा प्लग काढला, वर डिकीतला दिवा चालू ठेवला. प्लग मांजरीच्या टोपलीशेजारी पडलाय. तीच काय ती साक्षीदार. उणे तीसच्या थंडीत भरलेली बॅटरी तगते, रिकामी गोठून फुटते. आई दर रविवारी विचारते, बॅटरी बरी आहे ना? मी तिच्या हातची बटाट्याच्या पोळीसारखी गरम लेफ्से खात सांगतो, तुझ्यापेक्षा ठणठणीत आहे. ती हसते आणि आणखी एक वाढते. जमिनीला गिऱ्हाईक तयार आहे, आई हलली की झालं.

लोभ असावा.
तुझा धाकटा,
लीलंड

२ फेब्रुवारी

चि. लीलंड यास अ. आ.

हसून हसून पुरेवाट झाली. बाबा असते तर तुलाच त्या डिकीत कोंबलं असतं! आता ऐन वेळी पाघळू नकोस. कोंबडी कापायची म्हटली की गवतात लपून बसायचास, ते मी विसरले नाही. आश्रमातली खोली सांगून ठेवली आहे. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. आईला गाड्यांची हौस आहे, बसेल बघत.

लोभ आहेच.
तुझी ताई,
मार्लिस

फार्गो, १६ एप्रिल

चि. लीलंड यास

गाडीनं हूं की चूं केलं नाही. तू कपाळाला हात लावून अरेरे म्हणालास, छान म्हणालास. मी दिला शब्द पाळला, जमिनीच्या कागदांवर सहीही केली.

एक सांगायचं राहिलं. त्या मांजरीला दूध कोण घालत होतं, असं वाटलं तुला? मी रोज शेडमध्ये जात होते रे. पहिल्याच सोमवारी पडलेला प्लग पाहिला, डिकीतला दिवाही पाहिला. वाकून प्लग लावण्याइतके गुडघे अजून शाबूत आहेत. पण नाही लावला. दर रविवारी लेफ्से भाजताना वाटायचं, आज याला लाज वाटेल, आज हा लावेल. म्हणून तर विचारत होते. सोमवारी जाऊन बघायची, प्लग तिथेच. बॅटरी तडकली त्या दिवशी मांजरीजवळ बसून खूप रडले.

शेवटी लोभ असावा असं लिहायची जन्माची सवय आहे. आज हात चालत नाही.

बोर्गहिल्ड