भुतानं फिरवलेल्या चपला

सीब, ओमान
३१ मे २०२६, रविवार

चि. मधू हिस ताईचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे बरे आहोत. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? हे पत्र राकेश आणून देईल, आमच्या खालच्या मजल्यावरचा. गुरुवारी सुट्टीवर निघतोय. आपल्या शेजारच्याच गावचा आहे, वाचूनही दाखवील. माझं अक्षर काय, तिसरीतच राहिलं.

इथं ऊन फार. गुडघे धरलेत. अनुप आणि सूनबाई सकाळी ऑफिसला, मैत्री शाळेत. चार वाजेपर्यंत मी आणि एसी. तो घुरघुरतो, मी ऐकते. बसून बसूनही माणूस दमतं गं.

पण काल गंमत झाली! ईदची सुट्टी होती. मैत्री म्हणाली, "आजी, मूव्ही बघायची? जपानी आहे. स्कॅरी, पण फनी." दोन वर्षांत पोरगी पहिल्यांदा आपणहून मला चिकटून बसली. तिनं काहीही लावलं असतं तरी मी बघितलं असतं.

भुताचं घर होतं. भूत म्हणजे एक म्हातारी, माझ्याएवढीच. घरात कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, मी तर टीव्हीलाच हात जोडले. शहरातली नातवंडं घर विकायला येतात. दारात चपला काढतात, आणि मागं वळून बघतात तर सगळ्या चपलांची तोंडं बाहेरच्या बाजूला! पोरं किंचाळतात, चपला आत फिरवतात. परत बाहेर!

मी म्हटलं, "म्हातारी हाकलतेय त्यांना."

"नाही आजी. तिकडे गेस्टच्या चपला तशाच ठेवतात. जाताना... इझी व्हावं म्हणून."

म्हणजे मेली तरी बाईची कामं सुटली नाहीत! हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मैत्री मला हसताना बघून हसत होती.

मग विचारते कशी, "आजी, ती तिच्या घरी का नाही जात?"

"तेच तिचं घर, बाळा."

"मग तुझं कुठलं?"

मी म्हटलं, चहा ठेवते.

आज सकाळी मी गंमत म्हणून सगळ्यांच्या चपला-बूट दाराकडे तोंड करून ठेवले. माझ्या चपलाही. अनुप पाय घालून "यल्ला, यल्ला, चला लवकर" करत निघाला. मागून बघते तर माझ्या तेवढ्या चपला घराकडे फिरवलेल्या.

"कुणी केलं गं हे?"

"भुतानं," मैत्री म्हणाली. दप्तरातून मान वर केली नाही तिनं.

मधू, गुरुवारचं माझंही तिकीट होतं, राकेशबरोबरचं. ते मी अनुपला रद्द करायला सांगितलं. फोनवर सांगितलं असतं, पण तू गप्प राहतेस, ते मला ऐकवत नाही. आषाढी पौर्णिमेला वर्षावास बसेल. विहारात मी धम्मग्रंथ वाचायचा आणि तू शेजारी बसून ऐकायचं, असं ठरलं होतं. खोली सारवून, गोधडी उन्हात घालून ठेवली असशील. मला माहीत आहे. कुणाला तरी नाही म्हणायचं होतंच, ते तुला म्हटलं. तू रागावत नाहीस म्हणून.

पोरीची दहावी होऊ दे. दोन वर्षं. तोवर गुडघे आणि तुझे डोळे टिकले पाहिजेत.

तिथं पडवीत माझ्या जुन्या चपला आहेत, अंगठा तुटलेल्या. टाकू नकोस. त्यांचं तोंड घराकडे करून ठेव.

तुझी, न आलेली,
हौसाताई