करंजाला शेडनेट

३ एप्रिल, सकाळ
जालना रोडवरच्या करंजाचा जीव धोक्यात आहे आणि अख्ख्या देऊळगाव राजात हे फक्त मला कळलंय. ट्रक, एसटी, सगळ्यांचा धूर त्याच्या तोंडावर. पानं मातकट. सुभद्रा, म्हणजे आमच्या मंडळी, त्याच्याच सावलीत भाजी विकते. सावली गेली तर मेथी अकरालाच माना टाकणार. घर त्यावरच चालतं. (माझं पंक्चरचं दुकान सध्या विश्रांती घेत आहे.)

४ एप्रिल
मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. पानांवर धूळ बसली की झाडाचा श्वास कोंडतो. अर्धाच पाहिला, मुद्दा कळला. संकल्प: रोज पहाटे पाचला पानं धुणे.

५ एप्रिल
साडेसातला उठलो. दोन बादल्या मारल्या. पाणी खालच्या फांदीपर्यंत गेलं आणि चिखल होऊन कोथिंबिरीवर आलं. सुभद्रा म्हणाली, झाडाले आंघोळ घालून राह्यले, सोताची केली का? विषय सोडून बोलायची तिची जुनी सवय.

८ एप्रिल
धुणं बंद. पाणीटंचाई, आपलंही काही कर्तव्य आहे. नवी आयडिया: शेडनेट, शेतावरची सावलीची जाळी! मेहुणे भगवानराव शेडनेटमध्ये मिरचीचं बियाणं घेतात. म्हणाले, दाजी, मिरची नाजूक असते. करंज तं रस्त्यावरच लहानाचा मोठा झाला, त्याले काऊन कोंडता? शास्त्र त्यांच्या डोक्यावरून गेलं. जुनी जाळी दिली मात्र.

१० एप्रिल
शिडी लावून जाळी चढवली. एक चप्पल वरच राहिली. चहावाले पंजाबराव म्हणाले, झाडावर मिरची लावली का बे? दुर्लक्ष केलं.

१९ एप्रिल
जाळीवर बोटभर धूळ. म्हणजे तेवढी करंजाला लागली नाही. यश! आत पानं पिवळी पडून गळताहेत. आजारातून उठताना अशक्तपणा येतोच.

२६ एप्रिल
जालन्याच्या एसटीच्या टपाला जाळीचं टोक अडकलं. एसटी नेमकी आज वेळेवर सुटली. जाळी, दोन फांद्या आणि माझी चप्पल जालन्याकडे रवाना. कंडक्टर खिडकीतून ओरडला, काकाजी, लगेजचं तिकीट! करंज बोडका. सुभद्रा टोपल्या उचलून समोरच्या कडुलिंबाखाली गेली. त्याला जन्मात कोणी धुतलेलं नाही, तरी दाट. पण एसटी इकडे थांबते. तिकडे गिऱ्हाईक नाही.

३० एप्रिल
अर्धी मेथी घरी परत. ताटात तिसऱ्या दिवशीही मेथीच. शिडी दिसत नाही. सुभद्राने ती भगवानरावांकडे पाठवल्याचं कळलं.

२२ मे
करंजाला भरगच्च फूट! माझ्या उपचाराचा गुण जरा उशिराच येतो. सुभद्रा जुन्या जागी बसली. म्हणाली, त्याले धूर सोसते. तुमीच सोसत नव्हते.
दुपारी व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग पाहिला. करंजाचं पान जाड, तुकतुकीत. धूळ-धूर झेलतं, जुनं झालं की गळतं, नवं येतं. फक्त ऊन अडवू नका, असं शेवटी स्वच्छ सांगितलंय.
सुभद्राने विचारलं, काय पाहून राह्यले? म्हणालो, क्रिकेट.
म्हणाली, पाहा मंग. झाडाकडे पाहू नका.