चार कोपरे आणि बाबा

४ मार्च, मंगळवार
आज विमा कंपनीच्या कार्यशाळेत ‘चार कोपरे’ हा खेळ घेतला. खोलीच्या कोपऱ्यांत कागद चिकटवायचे: एकदम पटतं, थोडं पटतं, फारसं नाही, मुळीच नाही. मी वाक्य वाचायचं, लोकांनी आपापला कोपरा गाठायचा आणि का ते सांगायचं. ‘आमचे साहेब आमचं ऐकतात’ — सगळेच्या सगळे ‘एकदम पटतं’मध्ये! मी हरखून फोटो काढले. मग एकीने हळूच सांगितलं, एसी फक्त त्याच कोपऱ्यात लागतो.

६ मार्च, गुरुवार
बाबा येऊन आठवडा होत आला. आई गेल्यापासून त्यांच्या घरी एकटेच असतात. दोन मोठ्या बॅगा आणल्यात, पण उघडत नाहीत. राहायला आलेत की भेटायला, कळायला मार्ग नाही.
नवरा म्हणाला, “सरळ म्हण ना, राहा म्हणून.”
सरळ? मी? लोकांना बोलतं करण्यावर पोट आहे माझं! दडपण आणायचं नाही, निर्णय माणसाच्या आतून यायला हवा. (हे वाक्य माझ्या माहितीपत्रकातही आहे.) मनातून मात्र फार वाटतंय, राहावेत.

७ मार्च, शुक्रवार
उद्या विचारते. माझ्या पद्धतीने.

८ मार्च, शनिवार
अकलेचे तारे तोडले. घरात कागद चिकटवले. वाचलं — ‘बाबांनी कायमचं इथे राहावं.’ नवरा आणि लेक धावत ‘एकदम पटतं’मध्ये. बाबा मधोमध उभे.
“बाबा, मध्ये थांबायचं नसतं.”
“तुझा कोपरा कुठला?”
“मी खेळात नसते. मी खेळ घेते.”
“बरं,” म्हणाले. चष्मा पुसला. मग सावकाश चालत ‘मुळीच नाही’मध्ये जाऊन उभे राहिले. मी कारणही विचारलं, नियम आहे ना!
“एकट्याची सवय झालीय मला.”
लेक भडकली, “आई, आजोबांची परीक्षा घेतेस का?” मी म्हटलं, त्यांच्या निर्णयाचा आपण आदर करू या. वर आवाज अगदी कार्यशाळेतला. माझी मलाच शिसारी आली.

९ मार्च, रविवार
बाबा सकाळीच निघाले. स्टँडवर सोडते म्हटलं तर, “नको, तुला कामं असतील.” कागद काढताना भिंतीचे पोपडे निघाले. रडू कोसळलं, भिंतीसाठी नव्हे. ‘राहा’ म्हणायला काय जीभ झडली होती माझी?

१० मार्च, सोमवार
बाबांच्या शेजारच्या काकूंचा फोन. “बाबांची खाट राहिलीय गं, कुठे पाठवू? नव्या मालकांना घर रिकामं हवंय.”
कोण नवे मालक?
“अगं, घर विकूनच आले ना तुझ्याकडे. सगळ्यांचा निरोप घेतला, म्हणाले, लेकीकडे कायमचा चाललो. परत कुठले येतात ते!”
काल संध्याकाळी मला बाबांचा फोन आला होता. “घरी पोचलो,” म्हणाले.